लॉनवर टाकलेली एरंडीची पेंड

"राजा लॉनवरचं खत चाटतोय. चालेल ना?"

फोन गावंडे मॅडमचा होता. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांच्या अकोल्याच्या बंगल्यातलं काम उरकून मी अमरावतीला परत निघालो होतो आणि मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो होतो. राजा म्हणजे त्यांचा सहा वर्षांचा लॅब्रॅडोर.

"काही होत नाही मॅडम," मी म्हणालो. "ऑरगॅनिक आहे."

"निंबोळी पेंडच ना ते?"

"हो, हो."

फोन ठेवला, चहा संपवला आणि गाडीला किक मारली.

गेली एकोणीस वर्षं मी लॉन लावून देण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो. अमरावतीत जास्त, अकोल्यात थोडं. गावंडे मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना गवतावर अनवाणी चालायला सांगितलं, म्हणून त्यांनी पुढच्या अंगणात लॉन करून घेतलं. रोज सकाळी त्या चालायच्या आणि राजा त्यांच्या डाव्या बाजूने चालायचा. तो पुढे पळत नसे. मॅडम अडखळल्या की थांबायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडचा उन्हाळा लॉनला सोसत नाही. म्हणून फेब्रुवारीत आम्ही टॉप ड्रेसिंग करतो, म्हणजे गवत बारीक कापून वरून चाळलेल्या खताचा पातळ थर देतो. मुळं तयार असली तर गवत मे महिना काढतं. मॅडमची अट एकच होती, रासायनिक काही नको. मी त्यांना गांडूळखत, थोडा हाडांचा चुरा आणि निंबोळी पेंड असं सांगितलं होतं. पेंड म्हणजे बियांतून तेल काढल्यावर उरतो तो चोथा. निंबोळीची पेंड कडू असते. कुत्रा तिला तोंड लावत नाही.

आदल्या दिवशी मी कृषी केंद्रात गेलो तर निंबोळी संपली होती.

"एरंडी घेऊन जा ना भाऊ," दुकानदार म्हणाला. "तुमी तर संत्रावाले. तुमाले काय सांगा लागते?"

खरंच सांगायला लागत नव्हतं. आमची बाग अचलपूरकडे आहे. संत्र्याला एरंडीची पेंड आमच्या तिकडे सगळेच टाकतात, माझे वडीलही टाकत. नत्र भरपूर असतं, झाड पंधरा दिवसांत काळंभोर हिरवं दिसतं. पण बागेत ती झाडाच्या आळ्यात टाकतात, वरून माती ओढतात आणि पाणी सोडतात. ती कुणाच्या तोंडासमोर पडून राहत नाही. लॉनवर मी ती वरूनच फेकली, आणि हाडांच्या चुऱ्यात कालवून फेकली. कुत्र्यासाठी याहून चांगलं जेवण मला रांधता आलं नसतं. त्यात पाणीही हलकंच मारलं. मॅडम म्हणाल्या होत्या, जास्त चिखल नको, पाय घसरतो.

मला माहीत नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. पोत्यावर छापलेलं होतं, जनावरांना खाऊ घालू नये. एरंडीच्या बीमध्ये विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरी पेंडीचं पोतं गोठ्यापासून लांब ठेवत. बागेतली ही सवय मी बंगल्यात नेलीच नाही. आणि पेंड बदलली हे मॅडमना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी चार प्रश्न विचारले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा फोन आला. राजाने रात्रभर ओकाऱ्या काढल्या होत्या. जुलाबात रक्त होतं. "तुम्ही या," एवढंच मॅडम म्हणाल्या. कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. घरात हाक मारायला दुसरं कुणी नव्हतं.

मी पोचलो तेव्हा जनावरांचा दवाखाना नुकताच उघडला होता आणि राजा टेबलावर आडवा होता. त्याचं डोकं शोभाबाईंच्या हातात होतं. शोभाबाई मॅडमकडे नऊ वर्षांपासून कामाला. ऑटोत कुत्र्याला मांडीवर घेऊन त्याच आल्या होत्या. त्यांचं लुगडं घाण झालं होतं.

डॉ. तायडे नावाच्या तरुण बाई तिथे डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, "काल काय वेगळं खाल्लं याने?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "लॉनवरचं खत चाटलं थोडं. निंबोळी पेंड. हो ना?"

"हो," मी म्हणालो.

"निंबोळीने असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरात उंदराचं औषध ठेवलं आहे का?"

मग शोभाबाई म्हणाल्या, "म्या ठेवलं होतं. मांगच्या हप्त्यात. सामानाच्या खोलीत. पण दार लावलं होतं बाई म्या."

"मले विचारलं होतं?" मॅडम एकदम वळल्या. त्या एरवी शाळेतलीच भाषा बोलायच्या. रागात त्यांची घरची बोली वर आली.

"तुमीच तर म्हणल्या, उंदरं झाले, काहीतरी कर."

"काहीतरी कर म्हणजे कुत्र्याले मार?"

"मी कायले मारू त्याले? माझ्या हातची पोळी खाते थो."

"दार उघडं राहिलं असंन तुझं. तुझं लक्ष असते कुठी?"

"म्या कडी लावली होती! चला दाखवतो."

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी हिशोब करत होतो की आता बोललो तर काय होईल. अकोल्यातली माझी निम्मी कामं गावंडे मॅडमच्या ओळखीतून आलेली होती. शिवाय डॉक्टर इंजेक्शन देतच आहेत, कुत्रा बरा होईल, मग कोणत्या कारणाने आजारी पडला याला काय महत्त्व, असंही मी स्वतःला समजावलं. माणसाला अशा वेळी फार पटकन सुचतं.

डॉक्टरांनी उंदराच्या औषधावर देतात ते इंजेक्शन दिलं. सलाईनची एक बाटली लावली. ती संपल्यावर म्हणाल्या, "घरी न्या. संध्याकाळी पुन्हा आणा. अंगणात मोकळा ठेवा, कोंडू नका."

अंगणात म्हणजे लॉनवर.

मॅडमनी मागचे पाय धरले, शोभाबाईंनी पुढचे. मी दार उघडून धरलं. ऑटोपर्यंत जाताना मॅडम शांत आवाजात म्हणाल्या, "शोभा, उद्यापासून येऊ नको."

शोभाबाईंनी राजाचं डोकं आधी सीटवर नीट ठेवलं. मग पदराने त्याचं तोंड पुसलं.

मी म्हणालो, "मॅडम, ऑटो थांबवा. ते निंबोळी नव्हतं. एरंडी होतं."

त्यांना कळलं नाही. मी परत आत गेलो आणि तेच डॉक्टरांना सांगितलं. त्यांना लगेच कळलं.

"किती वाजता खाल्लं?"

"काल साडेदहा-अकराला."

"आणि खाताना पाहिलं कुणी?"

"मॅडमनी पाहिलं. त्यांनी मला फोन केला होता."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

मी जे सांगितलं होतं ते सांगितलं.

डॉक्टर हातमोजे घालता घालता बोलत होत्या. "अकरा वाजता इथे आणला असता तर मी उलटी करवून पोट रिकामं केलं असतं. दुपारी घरी झोपला असता. आता याच्यावर उतारा म्हणून काही औषध नाही. सलाईन चालू ठेवायचं, पोट शांत करायचं आणि वाट पाहायची. तीन दिवस, चार दिवस. याला घरी सोडत नाही मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तासाभरापूर्वी तुम्ही इथेच उभे होते."

मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मी फोनवर नाव घेऊन विचारलं होतं ना?"

"हो मॅडम."

"निंबोळी म्हणून."

"हो."

राजा पाच दिवस दवाखान्यात होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आशा ठेवू नका. चौथ्या दिवशी तो पाणी प्यायला आणि ते पोटात राहिलं. पाचव्या दिवशी तो उभा राहिला. वाचला. पण पूर्वीसारखा भरला नाही.

त्या दिवसांत मी लॉन साफ केलं. हातमोजे घालून आणि तोंडाला मास्क लावून, कारण एरंडीची धूळ माणसालाही बाधते. खराट्याने वरचं जेवढं निघेल तेवढं गोळा केलं, जिथे ढीग पडले होते तिथलं गवत मातीसकट काढलं. सगळं पोत्यांत भरून गावी नेलं आणि खोल पुरलं. मॅडम खिडकीतून पाहत होत्या. चहा आला नाही. काम झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुढचं मी दुसऱ्याला सांगितलं आहे." अकोल्यातली बाकीची कामं महिनाभरात गेली. ते अपेक्षितच होतं.

मॅडम स्वतः शोभाबाईंच्या घरी जाऊन आल्या, माफी मागितली. शोभाबाई कामावर परत गेल्या नाहीत. हे कळल्यावर मीही गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"चूक माझी होती शोभाबाई," मी म्हणालो. "म्हणून सांगायला आलो."

"ते तर मॅडमनं सांगतलं."

"मॅडमना तुमची गरज आहे. राग माझ्यावर काढा, पण कामावर जा."

"मॅडमवर राग नाही माझा. त्याइचा जीव होता कुत्र्यात, बोलून गेल्या. पण नऊ वर्सं झाल्यावर बी पैले माह्यावरच आलं ना. मंग मन नाही लागत तेथं. अन् तुमी तर तेथंच होते. ऐकून राहिले होते."

"हो."

"मंग आता काहून आले?"

पाणी पिऊन मी उठलो.

काम मी अजून करतो, आणि खत सेंद्रियच वापरतो. ते चांगलंच आहे. शेणखत पुरतं कुजलेलं, हातात घेतल्यावर मातीसारखा वास येणारं असावं. कच्चं टाकलं तर गवत जळतं, तण येतं आणि मुळं खाणारी हुमणीची अळी येते. थर पातळ, गवताची टोकं वर दिसतील एवढाच. त्यावर पाणी इतकं की खत मुळाशी उतरेल. मग दोन दिवस लॉनवर कुणी नाही, कुत्रं नाही, लहान मूल तर नाहीच. हाडांचा चुरा कुत्र्याच्या घरात वापरत नाही. एरंडीची पेंड कुणाच्याच घरात नाही. पोतं मालकासमोर उघडतो आणि त्यावर छापलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. काही जण हसतात, म्हणतात, एवढं काय, ऑरगॅनिक तर आहे. मी वाचणं पूर्ण करतो.

ही काळजी शिकायला सोपी होती. ती पोत्यावरच छापलेली होती.