ते दुसऱ्या खात्याचं

व्हॉट्सॲपवर मी ‘बाबा’ नावाचा ग्रुप काढला आणि त्यात तीन डॉक्टर घातले. बाबांचे हृदयाचे डॉक्टर, त्यांचे लघवीच्या त्रासाचे डॉक्टर आणि बनशंकरीचे, म्हणजे आम्ही पूर्वी राहायचो त्या वस्तीतले, आमचे जुने फॅमिली डॉक्टर. हेतू चांगला होता. सकाळी पलंगावरून उठताना बाबांना भोवळ यायची. एकदोनदा भिंतीने सावरलं, मग एके दिवशी पडलेच. कोपर खरचटण्यावर निभावलं, पण त्यांच्या वयात पुढचं पडणं कोपरावर थांबेलच असं नाही. तेव्हा तिघांनी मिळून काय ते ठरवावं, असं माझं म्हणणं. ही बातमी बायकोला कळवावी म्हणून मी फोनमध्ये बोलून व्हॉइस मेसेज केला, “अगं, तिघांना एका खोलीत कोंडलंय. आता बोलतील नाहीतर भांडतील.” आणि ते पाठवलं त्याच ग्रुपवर.

हृदयाचे डॉक्टर ‘कृपया कोंडू नये’ असं स्वच्छ मराठीत लिहून बाहेर पडले. ते मूळचे नागपूरचे, हे मला तेव्हा कळलं. लघवीवाले काहीच न लिहिता गेले. फॅमिली डॉक्टर तेवढे राहिले, कारण ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

माझा धंदा सांगितला तर आणखी हसाल. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत मी निरनिराळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायला लावतो. लोक मला त्याचा पगार देतात.

बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात न्यायचा नाही, या शिस्तीत त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर ती शिस्त त्यांनी स्वतःच्या शरीराला लावली. हृदयाच्या डॉक्टरांपुढे ते छातीपुरतंच बोलत. तिथे दुसऱ्या दुखण्याचा विषय काढणं म्हणजे एका साहेबाच्या केबिनमध्ये दुसऱ्या साहेबाची कागाळी करण्यासारखं. मी शेजारी बसलेला असायचो आणि मीही गप्प, कारण हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं अशी माझी ठाम समजूत. दोन्ही हॉस्पिटलं वेगळी आणि त्यांचे कॉम्प्युटरही वेगळे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बनशंकरीला राहत होतो तेव्हा असं काही करावं लागत नसे. डॉक्टरांचा दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या टेबलावर काळा फोन असायचा, आणि मोठ्या डॉक्टरकडे पाठवायची वेळ आली की ते तुमच्यादेखतच फोन फिरवायचे. पलीकडच्या माणसाला तुमचं वय, दुखणं, स्वभाव आणि घरात कोण कटकट करतं हे सगळं खणखणीत आवाजात सांगायचे. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ते ऐकू जायचं. गल्लीत कुणाला मूळव्याध आहे हे आम्हा पोरांनासुद्धा माहीत असे, त्यामुळे गुप्तता वगैरे भानगड नव्हती. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा ते स्कूटरवरून नर्सिंग होममध्ये येऊन सर्जनशेजारी उभे राहिले होते. गुंगी चढायच्या आधी मी त्यांचे शब्द ऐकले, “पोरगा भित्रा आहे, सुई दाखवू नका.” आज मला तपासणारे डॉक्टर माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघतात, तेव्हा त्या वाक्याची आठवण येते. भित्रा तर भित्रा, पण मी कोण आहे ते त्या खोलीत कुणाला तरी माहीत होतं.

तर ग्रुपवर एकटे उरलेल्या त्या डॉक्टरांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. कोंडलंच आहेस तर वडिलांना घेऊन ये, म्हणाले.

गेलो. दवाखाना तोच, बाक तोच, डॉक्टर मात्र अर्धे झालेले. बाबांना बघून ते उठून उभे राहिले. आमच्यासारख्या मराठी लोकांना जुनी कन्नड माणसं ‘रायरे’ म्हणतात, तसे तेही म्हणायचे. दोघांच्या गप्पा कन्नडमध्ये, आणि त्याही तब्येतीच्या नव्हत्याच. कारखान्यातले कोण आहेत, कोण गेले, असं चाललं होतं. मी घड्याळ बघत होतो. मग त्याच सुरात डॉक्टरांनी विचारलं, “रायरे, झोप कशी आहे? रात्री उठावं लागतं का?”

“पूर्वी फार उठायचो,” बाबा म्हणाले. “आता नाही.”

“आता का नाही?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “त्याची एक गोळी आहे. पण ते दुसऱ्या खात्याचं.”

डॉक्टर हसले नाहीत. ती गोळी कधीपासून आणि भोवळ कधीपासून, एवढंच विचारलं. दोन्ही साधारण एकाच सुमाराचं निघालं. लघवीच्या त्या गोळीने उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो, आणि हृदयाकडच्या गोळ्या तो आधीच उतरवत होत्या. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते. त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि पत्ता असलेला मी शेजारी बसून वाट बघत होतो कॉम्प्युटरची.

मग त्यांनी फोन उचलला. काळा फोन कधीच गेला होता, हा मोबाइल. पलीकडून एक दाबा, दोन दाबा, मग सतारीची धून. ते शांतपणे दाबत राहिले, पुन्हा लावत राहिले, आणि हृदयाचे डॉक्टर सापडल्यावर त्याच खणखणीत आवाजात सुरू झाले: वय, दुखणं, स्वभाव. “फार शिस्तीचे आहेत, विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. मुलगा चांगला आहे, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका.” बाकावरच्या दोन बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या. नंतर दुसरा फोन. दोघांनी मिळून गोळ्या बदलल्या. पंधरवड्यात भोवळ थांबली, आणि आता बाबा सकाळी एकटे खाली जाऊन कॉम्प्लेक्सला दोन फेऱ्या मारतात. मी मागे गेलेलं त्यांना आवडत नाही.

निघताना डॉक्टरांनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला. रक्तदाबाचा आकडा बघून भुवया वर नेल्या, कन्नडमध्ये ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणाले, आणि मीठ, चालणं, पोट यांबद्दल बरंच काही सांगितलं. मी मान डोलावली. घरी यातलं काय सांगायचं, हे मी गाडीतच ठरवून टाकलं. संध्याकाळचा तुंबलेला रिंग रोड, ठरवायला वेळ भरपूर.

घरी आल्यावर बायकोला बाबांची सगळी हकीकत रंगवून सांगितली. फोन माझ्याच सूचनेवरून झाला, असंही मधे कुठेतरी घातलं. बाबा ऐकत होते, पण आपल्याला विचारलेलं नाही म्हणून बोलले नाहीत.

“आणि तुला काय म्हणाले?” तिने विचारलं.

“मला काय म्हणणार? विशेष काही नाही.”

तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. त्यात लोणचं नव्हतं, पापड नव्हता.

“तू रिंग रोडवर असतानाच त्यांचा फोन येऊन गेला,” ती म्हणाली. “वय, दुखणं, स्वभाव, सगळं सांगितलंय. जेव आता.”