ऑरिन ट्वेटची पाच दिवसांची शिकवणी

आमच्या गावात ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. चर्चच्या तळघरात लिंबाच्या वड्या फिरतात, एक उरते. मग कुणीतरी तिची अर्धी करतं, कुणी अर्ध्याची पाव करतं, आणि नखाएवढा कण ताटलीत ठेवून सगळे तृप्त चेहऱ्यानं घरी जातात. अशा गावातला एक माणूस इंटरनेटवर उभा राहून ‘माझ्याकडे या’ म्हणायला निघाला, तेव्हाच मला धडकी भरायला हवी होती.

ऑरिन ट्वेट सुऱ्यांना धार लावतो. सुपिरियर सरोवराच्या काठी, आमच्या हार्लन बेमध्ये, घराला लागून असलेल्या गॅरेजात त्याचं चाक आणि त्याचे दगड. पूर्वी कोळ्यांच्या सुऱ्या असायच्या, खाणावळींच्या असायच्या. मग बोटी कमी झाल्या, खाणावळी बंद पडल्या, आणि लोक बोथट सुरी कचऱ्यात टाकून नवी आणायला लागले. तेव्हा ऑरिननं वेबसाइट काढली: सुरी खोक्यात घालून टपालानं पाठवा, धार लावून परत मिळेल. मी पोस्टाच्या खिडकीवर असते. त्यामुळे त्याचा धंदा कसा चाललाय हे त्याच्याआधी मला कळायचं. आठवड्याला चार खोकी. फार तर पाच.

त्याची बायको व्हर्ना हिचा खुबा बदललेला. बर्फात तिला चालवत नाही. बहीण ॲरिझोनात, आणि ती दर रविवारी फोनवर आपण कसे मोज्यांशिवाय फिरतो ते सांगते. नोव्हेंबरात व्हर्नानं निकाल लावला.

“वसंतात पहिलं जहाज बंदरात येईल ना, त्या आठवड्यात दहा खोकी आली तर आपण इथंच. नाही आली तर गॅरेज विकायचं.”

“गॅरेज?”

“घराला चिकटलेलंच आहे, ऑरिन. दोन्ही मिळून विकायचं.”

ऑरिन म्हणाला, “चालेल की.” आमच्याकडे ‘चालेल की’ म्हणजे आनंदानं होकारही असतो आणि छातीत कळ आली असाही अर्थ होतो. ऑरिनचा दुसरा होता.

ग्रंथालयातली ब्रिटा हिवाळ्यात छोट्या धंदेवाल्यांचा वर्ग घेते. तिनं त्याला तोड सुचवली, ईमेलची शिकवणी. लोकांनी आपला पत्ता द्यायचा, त्यांना रोज एक छोटा पाठ जायचा, मोफत. चार दिवस थोडं थोडं शिकवायचं. पाचव्या दिवशी म्हणायचं, आता सुऱ्या माझ्याकडे पाठवा.

“थोडंच हं, ऑरिन,” ब्रिटा म्हणाली. “त्यांना गोडी लागली पाहिजे. सगळं सांगून टाकायचं नाही.”

“म्हणजे अर्धवट शिकवायचं?”

“अर्धवट नाही रे. मोजकं.”

“धार मोजकी लावली की अंगठा कापतो, ब्रिटा.”

त्यानं सहा आठवडे खपून शिकवणी लिहिली. दगड कसा निवडावा. सुरीच्या पाठीखाली दोन नाणी ठेवली की कोन कसा बरोबर येतो. तिसऱ्या दिवसाचा पाठ अवघड होता: घासता घासता पात्याची कड पलीकडे किंचित वळते, ती बोटाला कशी जाणवते, आणि जाणवली की थांबायचं कसं. तो पाठ त्यानं नऊदा लिहिला आणि नऊही वेळा माझ्या खिडकीशी उभं राहून वाचून दाखवला. मागं रांग. रांगेतले लोकही ऐकायचे. शेरिल ओडेगार्ड दर महिन्याला त्याच्याकडे कात्री न्यायची, ती त्या आठवड्यापासून घरीच धार लावायला लागली. शिकवणी सुरू होण्याआधीच एक गिऱ्हाईक गेलं.

पाचव्या दिवसाचं पत्र त्यानं ब्रिटाला दाखवलं. मी तिथंच होते. पत्र असं होतं: ‘पाच दिवस वेळ दिलात, आभारी आहे. एवढं जमल्यावर तुम्हाला माझी गरज पडेल असं वाटत नाही. तरी कधी हात दुखत असेल तर मी आहे. टपालाला बराच खर्च येतो, तेव्हा जवळपास कुणी असल्यास आधी त्याला विचारावं.’ खाली राज्यवार तेवीस धार लावणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर.

ब्रिटानं चष्मा काढला. “ऑरिन, हे विक्रीचं पत्र आहे.”

“का? फार आगाऊ झालंय का?”

व्हर्नानं त्याला टेबलाशी बसवलं. तिला ॲरिझोनाला जायचं होतं, पण असल्या पत्रामुळं जायची तिला लाज वाटत होती. “फक्त ‘मला पाठवा’ लिही. दोन शब्द. मी कॉफी टाकते.”

कॉफीचं सबंध भांडं संपेपर्यंत त्यानं ‘मला पाठवा’ लिहिलं. मग पुढं ‘हवं तर’ जोडलं. मग ‘मला’ खोडलं.

“देवा,” व्हर्ना म्हणाली आणि दुसरं भांडं चढवलं.

शिकवणी मात्र धावली. जानेवारीत दोनशे लोक, फेब्रुवारी सरताना चारशे. कुठून कुठून आभाराची पत्रं यायची. एकानं टोमॅटोच्या कागदासारख्या पातळ चकत्यांचा फोटो पाठवला होता. खोकी चाराची तीन झाली, तिनाची दोन.

“अभिनंदन,” व्हर्ना म्हणाली. “चारशे जणांना तुझ्यावाचून जगायला शिकवलंस. मलाही नाव घालायला हवं होतं.”

ऑरिन हसला, आणि चकत्यांचा तो फोटो मला दुसऱ्यांदा दाखवला.

मार्चच्या शेवटी सरोवरावरचा बर्फ फुटला आणि जहाजाचा भोंगा वाजला. सगळं गाव धक्क्यावर गेलं. मी खिडकी सोडू शकत नव्हते. त्या आठवड्यात रोज पहाटे मी टपालाच्या गोणीत आधी ट्वेटांचं नाव शोधायची. सोमवारी काही नाही. बुधवारी काही नाही. शुक्रवारी एक खोकं, टेनेसीहून, हॉलिस प्रॅट नावाच्या माणसाचं.

दोघंही न्यायला आली. ऑरिननं खोकं खिडकीशीच उघडलं. आत स्वयंपाकघरातली जुनी सुरी, लाकडी मुठीची. त्यानं मनगटावरच्या केसांवरून ती हलकेच फिरवली. केस साफ उतरले.

सोबत चिठ्ठी होती. ‘सर, पाचही दिवसांचे पाठ करून धार लावली आहे. बरोबर जमलंय का, तेवढं बघून परत पाठवाल का?’

व्हर्नानं चिठ्ठी घेऊन दोनदा वाचली. टोमणा मारायला एवढी सोय तिला आयुष्यात मिळाली नसेल. तिनं नुसता ऑरिनच्या कोटावरचा सुटलेला दोरा काढला.

“एक तरी आलं,” मी म्हटलं.

“हे हिशेबात धरता येणार नाही, मार्लिस. यात मला करण्यासारखं काही नाही.” मग त्यानं सुरी उजेडात धरली. “फार छान लावलीय गं. टोकाशी थोडा जोर जास्त झालाय, बस.” तेवढंच त्यानं चिठ्ठीच्या मागं लिहिलं आणि खोकं पुन्हा बांधलं.

घर मे महिन्यात गेलं. घेणारे गॅरेजात बर्फावरच्या गाड्या ठेवणार आहेत. ऑरिन माझ्याकडे पत्ता बदलण्याचा अर्ज भरायला आला. ‘तात्पुरता’ की ‘कायमचा’, त्या दोन चौकोनांपाशी पेन थांबलं.

“तात्पुरता म्हणजे किती दिवस?”

“जास्तीत जास्त वर्षभर.”

त्यानं बाहेर गाडीत बसलेल्या व्हर्नाकडे पाहिलं आणि ‘कायमचा’वर खूण केली. अक्षर नेहमीसारखं सुबक.

“शिकवणी बंद केलीस का?” मी विचारलं.

“कशी करणार?” तो म्हणाला. “एकोणीस जण तिसऱ्या दिवसावर आहेत.”