झाकणावरची यादी

कमल उत्तम गायकवाड, वय तेवीस, राहणार खडीवाडी, घाटकोपरचा डोंगर. मे महिन्याच्या चौथ्या गुरुवारी दुपारी सव्वा वाजता रिक्षातच तिचा जीव गेला. तेव्हा इस्पितळाचं फाटक समोर दिसत होतं. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता दत्ताराम परब यांना सार्वजनिक नळाची नासधूस केली म्हणून पोलिसांनी धरून नेलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो कुठल्याही सरकारी कागदावर नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

दत्ताराम परब भांड्यांवर नावं घालायचे. खडीवाडीत त्यांना नाववाले काका म्हणत. आधी ते परळच्या गिरणीत साचे चालवायचे. संपात गिरणी सुटली तेव्हा पन्नाशी उलटलेली. त्यांनी एक छिन्नी आणि छोटी हातोडी घेतली आणि खालच्या नळापाशी ताडपत्री बांधून बसले. हंडा मांडीवर आडवा धरायचा, काठाखाली टिकटिक करत टिंबांची अक्षरं काढायची. लग्नाचं भांडं असलं तर ‘हिस मावशीकडून सप्रेम भेट’, वर्षश्राद्धाला वाटायचं असलं तर ‘कै. यांच्या स्मरणार्थ’. वस्तीत बहुतेक भांड्यांवर त्यांचंच अक्षर होतं.

त्यांना एक खोड होती. कुणाच्याही घरी पाणी पुढे केलं की ते आधी तांब्या तिरका करायचे, डोळे बारीक करून काठावरचं नाव वाचायचे आणि मगच प्यायचे. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तांब्या फिरवून फिरवून बघितला.

“ह्येच्यार नावच नाय गो.”

“नाही घातलं, काका. काय अडलंय?”

“मगे ह्यो कोणाचो? उद्या हरावलो तर तुझ्याकडे परत कसो येतलो?”

मी तेव्हा एका लहानशा गटात काम करायचे. आम्ही सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रकं काढायचो, वस्तीवस्तीत वाटायचो. काकांनी माझं पत्रक पहिल्यांदा वाचलं तेव्हा भांड्यासारखंच उलटसुलट करून पाहिलं. “हडे ‘जनता’ लिवलंस. ‘शासन’ लिवलंस. बरां. ही जनता खंयच्या नळार पाणी भरता?”

मला राग आला होता. मी पत्रक त्यांच्या हातातून काढून घेतलं.

मेच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला वादळ आलं. आधी डोंगरावरून लाल धूळ उतरली, मग वारा. पत्र्यांवर ठेवलेले दगड आणि टायर खाली आले, त्यांच्यामागून पत्रे उडाले. उद्याच्या पाण्यासाठी वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही नळांवर हंड्यांची रांग लागलेली होती. आमच्याकडे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, हंडे राहतात. ते सगळे हंडे एकदम आडवे झाले आणि उतारावरून गडगडत गेले. नाल्याच्या कडेचा मोठा गुलमोहर मुळासकट नाल्यात पडला. पाऊस जेमतेम पंधरा मिनिटं पडला असेल.

वारा थांबल्यावर काका नाल्यात उतरले. एकेक हंडा उचलायचा, चिखल पुसायचा, नाव वाचायचं आणि वर हाक मारायची. “शेवंता लक्ष्मण! न्हे तुझो!” “गणपत रावजी! पोचो पडलोहा, पण आसा!” अंधार पडायच्या आत वस्तीतला प्रत्येक हंडा आपल्या घरी पोचला होता. भांडण एकही झालं नाही. नावं घालण्याचा धंदा म्हणजे नुसती हौस नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

गुलमोहराची मुळं उपटली गेली, तेव्हा त्यांच्यात अडकलेला खालच्या नळाचा पाइप सांध्यातून सरकला होता. हा पाइप नाल्यातून येतो. पाणी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, दोन तास. बाकीचा दिवस पाइप रिकामा असतो आणि रिकाम्या पाइपात नाला शिरतो. पहिल्या दोन बादल्या गढूळ यायच्या, त्या आम्ही ओतून द्यायचो. पुढचं पाणी स्वच्छ दिसायचं. दिसायचं, एवढंच.

शनिवारी दुसरं वादळ झालं. काकांची ताडपत्री त्यात गेली. पाइप बघायला माणूस पाठवा म्हणून वॉर्ड ऑफिसात सांगितलं तर उत्तर आलं, सगळी माणसं रस्त्यावरची झाडं कापतायत. सोमवारी गॅस्ट्रोचा पहिला रोगी निघाला. आठवडाभरात साथ म्हणायला लागले.

साथीतलं जगणं कसं असतं, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गटारांवर पांढरी पावडर पडते आणि मुलं तिच्यावर रांगोळी काढतात. कलिंगडवाल्याची हातगाडी लोकच हाकलून देतात. आरोग्य खात्याची गाडी येते, कर्ण्यातून ‘हात धुवा, पाणी उकळून प्या’ सांगते आणि निघून जाते. उकळायला रॉकेल कुठाय, ते सांगत नाही. ठरलेली लग्नं पुढे जातात. सुया टोचायला रांग लागते. शेजारणी एकमेकींच्या घरी पाणी घ्यायच्या बंद होतात. “नको गं, आत्ताच प्यायले,” म्हणतात. दोघींनाही खरं काय ते माहीत असतं. एका डॉक्टरने येऊन सांगितलं, तुम्ही लोक शिळं खाता, उघड्यावरचं खाता, म्हणून हे होतं. मी ते ऐकलं आणि ‘शासनाचा बेपर्वा कारभार’ असं एक पत्रक काढलं. बायकांनी ती पत्रकं हंड्यांवर झाकायला घेतली. शाई पाण्यात उतरली.

काकांनी दुसरंच काहीतरी काढलं. टोपाचं एक जुनं जर्मनचं झाकण घेतलं, मधोमध छिन्नीने रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला ‘वरचा नळ’, दुसऱ्या बाजूला ‘खालचा नळ’. ज्या घरात माणूस आजारी पडेल, त्या घराचा हंडा कुठल्या रांगेत असतो ते बघून नाव घालायचं.

मी म्हटलं, “काका, वही देते ना. कशाला एवढी मेहनत?”

“कागद भिजता. पत्रो भिजणा नाय.”

वीस नावं झाली. एकोणीस खालच्या नळाच्या बाजूला. वरच्या बाजूला एकच, पार्वताबाई जाधव. साठीची म्हातारी, एकटी राहायची, परभणीकडची. तिची मुलगी कमल खालच्या अंगाला नांदत होती.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी आम्ही दोघं झाकण घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. पाणी खात्याच्या साहेबांनी ते टेबलावरून उचललं.

“हे काय आणलंय, बाबा? जेवायला बसायचंय का?”

“यादी आसा, सायब.”

“मग लेखी अर्ज करा.”

“ह्यां लिवलेलांच आसा.”

“कागदावर, बाबा, कागदावर!” साहेब हसले, पण त्यांनी वाचलं. हेही खरं की ते हुशार होते. बोट बरोबर एका नावावर ठेवलं. “ही बाई वरच्या नळाची ना? मग तिला कसं झालं? नळ दोषी असता तर वरची माणसं आजारी पडली नसती. खाण्यातूनच झालंय. जा आता.”

मी भांडले. पत्रकातली सगळी वाक्यं म्हणून दाखवली. काकांनी मात्र झाकण पिशवीत घातलं. जिना उतरताना म्हणाले, “तो बोलता तां खरां. एक नाव बसणा नाय.”

“एका नावासाठी काय थांबायचं? एकोणीस आहेत!”

“एक नाव चुकीचा पडला तर हंडो दुसऱ्याच्या घरात जाता, चेडवा.”

दोन दिवस ते थांबले. त्या दोन दिवसांत लोक खालच्याच नळाचं पाणी भरत राहिले. मंगळवारी कमल आजारी पडली. बुधवारी नवरा तिला इस्पितळात घेऊन गेला, तिथे खाट नव्हती. मीठ-साखरेच्या पुड्या हातात दिल्या, पाजत राहा म्हणून परत पाठवलं. त्या पुड्या खालच्या नळाच्याच पाण्यात कालवल्या गेल्या.

बुधवारी दुपारी काका आणि मी तिच्याकडे गेलो. कमल भिंतीकडे तोंड करून पडली होती. मोरीशी तिचा हंडा होता, काकांनीच नाव घातलेला. काकांनी सवयीने नाव वाचलं, मग आजूबाजूला बघितलं.

“तुझे दोन हंडे रांगेत असतत. मी दोनय नावां घातलंय. दुसरो खंय?”

कमल हळू बोलली. “दुसरा आईकडं जातो की, काका. वरच्या नळाला तिचा हंडा नुसता रांगेत असतो, भरून उचलवत नाही तिला. रोज मीच नेऊन देते.”

काका उठले. उंबऱ्याबाहेर आल्यावर खाली बसले, पिशवीतून झाकण काढलं, खालच्या नळाकडे कमलचं नाव घातलं आणि पार्वताबाईचं नावही रेघेपलीकडे तिथेच घातलं. तिचं वरच्या नळाकडचं पहिलं नाव खोडलं नाही. पत्र्यावरचं खोडता येत नाही.

“नाव म्हणजे भांड्याचो मालक,” ते म्हणाले. “पाणी कोण पिता तां भांड्यार नसता. मी नाव वाचलंय, इचारूक नाय. दोन दिस फुकट घालवलंय.”

मी पुन्हा वॉर्ड ऑफिसात धावले. साहेब जागेवर नव्हते, शिपाई उद्या या म्हणाला.

गुरुवारी सकाळी दहा वाजता खालच्या नळाला पाणी चालू होतं, हंड्यांची रांग होती. काका पुढे झाले. पहिला हंडा बाजूला ठेवला आणि हातोडीने तोटी ठोकायला लागले.

शेवंता ओरडली, “ओ काका, डोकं फिरलं काय? पाणी कुठनं भरू मी? तुमच्या डोक्यातनं?”

“वरच्या नळार जा.”

“तिकडं दुपार होईल!”

“होवंदे दुपार. जिती तर ऱ्हवशीत.”

तोटी चपटी झाली. पाणी चार बाजूंनी उडायला लागलं, मग धार बंद झाली. बायकांनी शिव्या घातल्या, कुणीतरी काकांच्या पाठीत बादली मारली. चौकीवर कळवलं तेही रांगेतल्याच कुणीतरी. त्यांना मी दोष देत नाही. आदल्या आठवड्यात त्यांच्या हातात मी पत्रक ठेवलं होतं, आणि त्यात नळाबद्दल एक अक्षर नव्हतं.

पोलिसांनी पंचनामा केला. काकांनी हवालदाराला आपलं नाव दोनदा सांगितलं, त्याने ते नीट लिहून घेतलं. हातोडी आणि छिन्नी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. ती दोन्ही आजतागायत परत मिळालेली नाहीत. सव्वा वाजता, पुन्हा इस्पितळात नेताना, कमल गेली. काकांना ते दुसऱ्या दिवशी, सुटून आल्यावर कळलं.

चार दिवसांनी पाणी खात्याची माणसं आली. न बोलता नाल्यात उतरली, पाइप जोडला, नवी तोटी बसवली. तोटी बंद होती तेवढ्या दिवसांत नवे रोगी आधी कमी झाले आणि मग निघायचेच थांबले. ते का थांबले, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मी आरोग्य खात्यात जाऊन साथीतल्या मृत्यूंची यादी मागितली. कारकुनाने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. खडीवाडी: निरंक. कमलच्या कागदावर अशक्तपणा आणि हृदयक्रिया बंद असं लिहिलं होतं. वाटेत मेलेलं माणूस कुठल्याच यादीत बसत नाही, असं मला समजावून सांगण्यात आलं.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “माझां नाव सरकारान लगेच लिवल्यान. एक अक्षर चुकूक नाय.”

महिन्याभराने कमलचा नवरा उत्तम तिचा हंडा घेऊन आला. नावाआधी ‘कालकथित’ घालायचं होतं. काकांनी आजवर ‘कै.’ घातलेलं, बौद्ध घरांत त्याऐवजी घालतात तो हा शब्द त्यांच्या हाताला नवा होता. त्यांनी शेजारच्या गॅरेजमधून छिन्नी मागून आणली आणि आधी झाकणाच्या मागच्या बाजूला तीनदा तो शब्द काढून बघितला. मग हंड्यावर घातला. मग हंडा पालथा केला आणि बुडावर आणखी दोन शब्द घातले. ‘खालचा नळ.’

उत्तमने विचारलं, “हे कशाला, काका?”

“यादीत नाय, तर हंड्यार तरी ऱ्हवांदे.”

भांड्यावर मरणाचं कारण घातलेलं मी तेवढं एकच पाहिलं. त्यानंतर काकांनी धंदा बंद केला. लोक बोलवायचे, ते जायचे नाहीत. “आता डोळे दिसणत नाय,” म्हणायचे. पण तांब्या तिरका करून नाव वाचायची खोड सुटली नव्हती. फक्त वाचून झाल्यावर आता विचारायचे, “पाणी कोणी भरल्यान? खंयसून?” पुढल्या वर्षी ते कणकवलीजवळच्या आपल्या गावी गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. झाकण त्यांनी जाण्याआधी माझ्याकडे दिलं होतं. त्याच्यावर कुणा मालकाचं नाव नाही. एकवीस आजारी घरांची नावं आहेत, त्यांतलं एक दोन्ही बाजूंना आहे. मागे तीनदा ‘कालकथित’ आहे.

त्यांच्या आठवणी सांगून डोळे पुसायला मी हे लिहिलेलं नाही. तुम्हीही पुसू नका. एक पोस्टकार्ड घ्या. महापालिकेच्या आरोग्य खात्याला पाठवा. ‘जनता’ लिहू नका, ‘शासन’ लिहू नका, तुमचा संताप तर मुळीच लिहू नका. एकच वाक्य लिहा: त्या मे महिन्यातल्या साथीच्या यादीत, घाटकोपर, खडीवाडी, खालचा नळ, इथे हे नाव घाला. आणि नाव हंड्यावर आहे तसंच लिहा, एक अक्षर न चुकता.

कालकथित कमल उत्तम गायकवाड.