लूशस टार्प्लीचा डावा हात

सिनेमावाल्यांनी लूशस टार्प्लीला दोनदा कापला. पहिल्यांदा अख्खा, दुसऱ्यांदा मनगटापर्यंत. आणि दोन्ही वेळा आधी त्याची पाठ थोपटली, "काय गळा आहे रे पोरा तुझा!" म्हणून कौतुकही केलं. पोरा! पस्तीस वर्षांचा बाप्या, अकरा वादक पोसणारा, कानशिलावरचे केस पिकायला लागलेला. पण गोऱ्यांच्या तोंडी तो पोराच.

लूशस अलाबामातल्या कॉलिन्सफर्डचा. त्याची आई, व्हर्नेल टार्प्ली, टेकडीवरच्या गोऱ्या कुटुंबांचे कपडे धुवायची. सहा वर्षांचा असताना लूशस तिला मदत म्हणून चादरी पिळायच्या यंत्रात सारत होता, आणि चादरीबरोबर त्याचा डावा हातही आत गेला. करंगळीचं टोक गेलं ते गेलंच, शेजारचं बोट आयुष्यभर वाकडं राहिलं. ज्यांच्या चादरी होत्या त्यांनी रक्ताचा डाग पडला म्हणून कुरकुर केली. व्हर्नेलनं तो डाग मीठ लावून काढला आणि चादर घडी घालून पोचती केली.

गाणं तो चर्चमध्ये शिकला. रेव्हरंड पर्डी एक ओळ टाकायचे, बाकावरची मंडळी ती उचलून परत फेकायची, आणि असं करता करता छप्पर हलायचं. आईचा आवाज त्या सगळ्यांत खणखणीत. सोळाव्या वर्षी लूशस तंबूवाल्यांच्या खेळात पळाला तो हीच युक्ती गाठीला बांधून. पुढे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, हार्लेममध्ये, स्वतःचा बँड उभा केल्यावर पांढरा सूट, हातात छडी, पायात वीज, सगळं आलं. पण लोक वेडे व्हायचे ते त्या देवघेवीनं. तो ओरडायचा, "गाडीत राहिली टोपी!" आणि अख्खा हॉल विचारायचा, "सांग, कुणाची?" गाण्याला अर्थ म्हणाल तर शून्य. पण गाणं संपेपर्यंत खुर्चीत बसलेला माणूस दिसायचा नाही.

तो गायचा त्या ऑर्किड रूम क्लबात बसायची मात्र त्याला बंदी. खुर्च्या गोऱ्या गिऱ्हाइकांच्या, गाणं काळ्यांचं. आत यायचं स्वयंपाकघराच्या दारानं, जायचं त्याच दारानं. ड्रमवाला फिल्मोर म्हणायचा, "लूशस, इथला मी सगळ्यात जुना माणूस, आणि इथल्या सुपाची मला फक्त वाफ ठाऊक."

हे सगळं लूशस गिळत होता. त्याला एकच गोष्ट गिळता येत नव्हती. आईनं त्याला एकदाही ऐकलं नव्हतं; रेडिओवर तो लागला की ती उठून जायची. "चर्चमध्ये घडलेला गळा दारूच्या टेबलांवर उधळतोस," एवढं म्हणून तिनं विषय मिटवला होता. तिच्या गावाजवळ बँड आला की ती जेवायला घालायची, बारा माणसांचे कॅटफिश मासे एकटी तळायची, आणि हॉलकडे पाऊल टाकायची नाही.

म्हणून एकोणीसशे पस्तीस साली हॉलिवूडहून बोलावणं आलं तेव्हा तो हरखला. त्यानं बहिणीला, ओडेसाला, पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं: "ममा म्हणते, सिनेमात दारू नसते, नुसतं बसून बघायचं असतं. तेवढं ती बघेल. लवकर कर, तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय."

स्टुडिओत दोन दिवसांत टोपीचं गाणं उरकलं. एक गोष्ट फिल्मोरच्या ध्यानात आली. सिनेमाचे नायक-नायिका गाणं ऐकत बसलेत, टाळ्या वाजवताहेत, असं दाखवायचं होतं. पण ते त्या दिवशी आलेच नाहीत. त्यांच्या टाळ्या वेगळ्या दिवशी काढणार होते.

"लूशस, आपण ह्याच सिनेमात आहोत ना?" फिल्मोर म्हणाला. "का शेजारच्या?"

"तू ड्रम बडव," लूशस म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे कॉलिन्सफर्डच्या थिएटरची बाल्कनी आणि तिथे बसलेली आई होती.

सिनेमा गावात लागला. चर्चच्या बायका शनिवारी दुपारी पांढरेशुभ्र इस्त्रीचे कपडे घालून निघाल्या. काळ्यांना पुढच्या दारानं जाता यायचं नाही. बोळातला लोखंडी जिना चढून वरच्या बाल्कनीत बसायचं. साठी उलटलेली व्हर्नेल तो जिना गुडघ्यावर हात ठेवत चढली. सिनेमा सुरू झाला. संपला. लूशस नाही. आपला डोळा लागला असेल म्हणून सगळ्या पुढच्या खेळालाही बसल्या. नाहीच.

जिना उतरताना मर्टिस ब्लेडसो, चर्चमधली तिची चाळीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढीच जुनी वैरीण, म्हणाली, "व्हर्नेल, तुझा मुलगा भलताच काळा गं बाई! पडद्यावर दिसलाच नाही."

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. व्हर्नेलनं घरी आल्यावर ओडेसाला कागद घ्यायला लावला आणि एकच वाक्य सांगितलं: "खोटं बोलायला मी तुला शिकवलं नव्हतं."

ते पत्र वाचून लूशसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टुडिओच्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीत एक साहेब होता. लूशस त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. साहेबानं सगळं शांतपणे समजावून सांगितलं, जणू दुधावरची साय काढण्याची गोष्ट होती.

"तिकडच्या, दक्षिणेतल्या थिएटरवाल्यांना तुमची माणसं पडद्यावर अशी ऐटीत चालत नाहीत. म्हणून तुमची गाणी आम्ही सुटीच काढतो. त्यांनी काढून टाकली तरी गोष्टीला धक्का लागत नाही."

"म्हणजे कापायचं हे आधीच ठरलं होतं?"

"अरे, वाईट काय वाटून घेतोस? न्यूयॉर्कमध्ये दिसतोस की!"

न्यूयॉर्कमध्ये दिसतोस की! आई न्यूयॉर्कला नव्हती, हे त्या निर्लज्जाला कोण सांगणार? माणसाला बोलवायचं, नाचवायचं, घाम पुसायला टॉवेल द्यायचा, आणि कात्री कुठे चालवायची त्याच्या खुणा आधीच करून ठेवायच्या. खाटीकसुद्धा बकऱ्यापुढे टाळ्या वाजवत नाही.

लूशसनं आईला सगळं लिहून कळवलं. ओडेसाचं उत्तर आलं: "ममानं ऐकून घेतलं. म्हणाली, दाखव मग."

दोन वर्षांनी दुसरं बोलावणं आलं. फिल्मोर म्हणाला, "परत कात्रीखाली मान द्यायची?" लूशस म्हणाला, "ह्या वेळी मान अशी अडकवू की कात्रीच मोडेल."

त्या सिनेमात एक कुत्रं होतं, एक मोटार होती, पण गोष्ट उभी होती ती एका अंगठीवर. नायिकेची अंगठी क्लबात हरवते, एक वेटर ती नायकाला आणून देतो, आणि त्या अंगठीपायी शेवटी लग्न जुळतं. लूशसनं गाण्यापेक्षा ही गोष्टच पाठ केली. वेटरचं काम करणारा गोरा नट त्या दिवशी सुजलेला गाल धरून बसला होता आणि दिग्दर्शक घड्याळ बघून चिडचिडत होता.

लूशस अदबीनं म्हणाला, "साहेब, मी स्टेजवर उभाच आहे. अंगठी माझ्या पायाशी सापडली, मी वाकून दिली, तर? वेटरची वाटही बघायला नको."

दिग्दर्शकाला हायसं वाटलं. ह्या वेळी नायक समोर, लूशस समोर, दोघं एकाच चौकटीत. लूशसनं उजव्या हातात छडी धरली, डाव्या हातानं अंगठी दिली, आणि म्हणाला, "साहेब, जपून ठेवा हं, सगळं हिच्यावर आहे." मग अंगठी नीट दिसावी म्हणून कॅमेरा जवळ आणून नुसत्या हाताचंही चित्र घेतलं. लूशसनं तिकडे लक्ष दिलं नाही. परतीच्या गाडीत तो वादकांना सांगत सुटला, "आता कापा म्हणावं! मला कापलं तर अंगठी गेली, अंगठी गेली तर लग्न गेलं, लग्न गेलं तर उरलं काय? कुत्रं आणि मोटार!"

सदतीसच्या उन्हाळ्यात बँड दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला. कॉलिन्सफर्डच्या थिएटरात तो सिनेमा लागलाय हे कळताच लूशसनं बस तिकडे वळवली. अकराही वादकांना बरोबर घेतलं. आईनं पांढरे हातमोजे घातले होते. आता ती डाव्या डोळ्यानंच बघत होती. मर्टिस ब्लेडसो न बोलावता आली आणि शेजारची खुर्ची पकडून बसली.

"मर्टिस, चष्मा आणलास ना?" ओडेसानं विचारलं.

"मला मेलीला सगळं दिसतं," मर्टिस म्हणाली. "जे असतं ते."

खाली गोऱ्यांचा हॉल, वर ही मंडळी. सिनेमा सुरू झाला. क्लबाचं दृश्य आलं. लूशसनं आईचा हात धरला. नायक-नायिका टेबलापाशी बसली आणि लगेच जायला उठली. गाणं नाही. बँड नाही. नुसतं रिकामं वाजल्यासारखं काहीतरी. लूशसला वाटलं, ठीक आहे, गाणं कापलं. अंगठी कशी कापतील? नायकानं खिसे चाचपले. मागे वळला. आणि मग पडदाभर एक हात आला. काळा, मनगटापर्यंत. त्या हातानं अंगठी पुढे केली. करंगळीला टोक नव्हतं, शेजारचं बोट वाकडं. नायक कुणाकडे तरी बघून "आभारी आहे" म्हणाला आणि चालू लागला.

एवढंच. त्या कसायांनी माणूस फेकून दिला आणि कामापुरता हात ठेवला.

आईकडे बघायचं लूशसचं धाडस होईना. इतकी शक्कल लढवली, आणि दाखवलं काय? चादरी पिळताना गेलेलं बोट. फिल्मोर काहीतरी शिवी पुटपुटला.

व्हर्नेलनं आपला हात सोडवून घेतला. खुर्चीच्या पाठीला धरून ती उभी राहिली. त्या थिएटरात काळ्या माणसानं खोकायचं तरी तोंडावर रुमाल धरून, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण ती रेव्हरंड पर्डींच्या चर्चमध्ये उभी राहायची तशी उभी राहिली आणि तिथल्याच आवाजात, पार पडद्यापर्यंत जाईल असं, म्हणाली,

"हा माझ्या लूशसचा हात आहे! बाकीचा कुठाय?"

खालून कुणीतरी ओरडलं, "ए, बस खाली!"

"मी अख्खा मुलगा दिला होता!" व्हर्नेल म्हणाली. "धडधाकट! बाकीचा कुठाय?"

आणि मग जे झालं ते त्या लोकांतच होऊ शकतं. एकानं ओळ टाकली की बाकीच्यांनी ती उचलायची, ही जन्मापासूनची सवय. मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "हो बाई, बाकीचा कुठाय?" डावीकडून दोन बायका म्हणाल्या, "सांगा, बाकीचा कुठाय?" दुसऱ्या वेळी अर्धी बाल्कनी म्हणाली. तिसऱ्या वेळी फिल्मोरनं खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला आणि सगळी बाल्कनी पाय आपटत विचारू लागली, "बाकीचा कुठाय? बाकीचा कुठाय?" पडद्यावर नायिका रडत होती. तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

लूशस उठला. सगळ्या बाल्कनीच्या वर त्याचा आवाज चढला.

"इथं आहे, ममा!"

त्यानं टोपी काढून कठड्यावर आपटली. "गाडीत राहिली टोपी!"

"सांग, कुणाची?" बाल्कनी गरजली.

त्यांना ते गाणं रेडिओवरून पाठ होतं. वाद्यं बसमध्ये कुलूपबंद होती, म्हणून वादक तोंडानंच वाजवू लागले. खाली आरडाओरडा झाला. कुणीतरी पोलिसांना बोलवायला धावलं. मॅनेजर लोखंडी जिन्यावरून धापा टाकत वर आला, त्याला पुढे सरकायला जागा मिळेना. शेवटी घाबरून त्यानं खाली हाक मारली आणि सिनेमा बंद करवला, थिएटरातले झाडून सगळे दिवे लावायला लावले.

तेवढं एक चांगलं काम त्या थिएटरच्या हातून झालं. लख्ख उजेडात व्हर्नेलनं आपला एक डोळा बारीक करून मुलाकडे बघितलं. पायातले दोन रंगी बूट, कडक इस्त्रीची पँट, थरथरणारा गळा, घामेजलेलं कपाळ, आणि वर उंच धरलेला तो वाकड्या बोटाचा हात. गाणं चर्चचं नव्हतं. तरीही पुढच्या ओळीला "सांग, कुणाची?" म्हणताना सगळ्यांत खणखणीत आवाज तिचाच होता.

जिन्यावर पोलिसांचे बूट वाजायला लागले तेव्हा ती खाली बसली, हातमोजे ओढून सारखे केले, आणि शेजारी वळली.

"काय गं मर्टिस," ती म्हणाली, "आता दिसला?"