सिस्टरांनी मानलेला कौल

मॅट्रिकला महिना उरला असताना बाबा मला मिशनच्या वसतिगृहातून कायमचं न्यायला आले. "चेडू बाटतला, असा भावकी म्हणता," ते सिस्टरांना म्हणाले. मुलगी ख्रिस्ती होईल, ही भावकीची भीती.

"तुमच्या देवाला विचारा. तो सांगेल ते मी मानीन," सिस्टर म्हणाल्या.

गावच्या देवळात गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या. उजवी पडली तर परीक्षा, डावी पडली तर घर. सिस्टर बाहेर उन्हात अनवाणी उभ्या होत्या. डावी कळी हलली. पण पडली उजवी.

"चल गो, तुका पोचवतंय," बाबा म्हणाले.

वाटेत मी सिस्टरांना हळूच विचारलं, "डावी पडली असती तर?"

"उद्या पुन्हा कौल मागायला आले असते."