आठ पूर्णांक एकचे टक्के

"तुमचं आठ पूर्णांक एक दिसाया मोठं हाय, बाई. पण टक्क्यात उतरवलं की बसतंय खाली."

साताऱ्याच्या त्या कॉलेजचे अध्यक्ष असं म्हणाले आणि समिती हसली. गणिताची, तासिका तत्त्वावरची एक जागा. उमेदवार दोघं. मी, आणि अध्यक्षांच्या साडूचा मुलगा. त्याचे ग्रेड पॉइंट सात पूर्णांक चार. दोघांना एकत्रच बसवलं होतं. पारदर्शकता म्हणे.

निवड टक्क्यांवर होती. त्याच्या पॉइंटना सरळ दहानं गुणलं. चौऱ्याहत्तर. माझ्यातून आधी पाऊण पॉइंट वजा केला, मग दहानं गुणलं. साडेत्र्याहत्तर. मला अर्ध्या टक्क्यानं पाडायला एवढी नेमकी मेहनत घेतली, याचं कौतुकच वाटलं.

"दोघांना एकच सूत्र लावा," मी म्हणाले. "कुठलंही लावा."

"आवं, त्येंचं विद्यापीठ येगळं, तुमचं येगळं."

आमचं विद्यापीठ एकच होतं. मी तसं सांगितलं. मग अध्यक्षांनी टक्के बाजूला ठेवले.

"तुमच्या लोकांस्नी सवलत हाय की. ही ओपनची जागा तरी सोडा आमाला."

ओपन म्हणजे सगळ्यांना खुली, असं समजून मी अर्ज केला होता. शिकलेल्या माणसाचं असं होतं.

प्राचार्य समजुतीनं बोलले. "नाराज होऊ नका, मॅडम. याला शिकवायची सवय नाही. पहिलं सत्र याचे तास तुम्हीच घ्या. मानधन याच्या नावावर निघेल, पण तुम्हाला काहीतरी देईल तो. पुढच्या वर्षी तुमचं बघू."

पुढच्या वर्षी बघू. सांगलीत हे ऐकत ऐकत मी दुसऱ्यांच्या नावावरचे वर्ग शिकवले. दर वेळी वाटायचं, आपलंच काहीतरी कमी पडलं. अजून एक परीक्षा देऊ. आताही तोंडातून 'हो' निघणार होतं. इतकी सवय. मग लक्षात आलं. या खोलीत माझ्या मार्कांना जागा नाही. माझ्या राबण्याला आहे.

"नाही घेणार," मी म्हणाले.

"लय ताठा हाय गड्या," अध्यक्ष साडूच्या मुलाला म्हणाले. तो मोबाईलमध्ये बघत राहिला.

स्टँडवर आईचा फोन आला.

"झालं का गं काम?"

"न्हाई."

"मार्क कमी पडलं व्हय?"

ती कायम हेच विचारते. मी कायम 'व्हय' म्हणते. ते सोपं पडतं.

"न्हाई आई. मार्क जास्त हुतं."

"मग आतापतूर बी तसंच हुतं का गं?" तिनं विचारलं.

मी विद्यापीठाकडं तक्रार दिली. पूर्ण नावानं, आडनावासकट. अध्यक्षांचे पाहुणे दोन्ही जिल्ह्यांतल्या संस्थांवर आहेत. आता सातारा-सांगलीत मला कुणी वर्ग देणार नाही. विद्यापीठ काही करेल असंही वाटत नाही. परवा प्राचार्यांचा निरोप आला, तक्रार मागं घ्या, जूनमध्ये जागा निघतेय.

घेतलेली नाही. घेणार नाही.