हैदराबादहून निघालं का?

त्या विमान कंपनीबद्दल माझ्याकडून चांगला शब्द निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिची तिकिटं मी दीड वर्ष विकली, त्यामुळे मला तेवढा हक्क आहे.

पूर्णेला स्टेशन रोडवर माझं आरक्षणाचं दुकान आहे. रेल्वे, खाजगी बस, आणि ते दीड वर्ष विमान. शेजारच्या जिल्ह्यातलं विमानतळ आमच्यापासून गाडीनं पन्नास मिनिटांवर. कित्येक वर्षं तिथं मंत्र्यांखेरीज कोणी उतरत नव्हतं. मग सरकारनं लहान गावं विमानानं जोडायची योजना काढली आणि ही कंपनी आली. फीत कापली, ढोल वाजले, अग्निशामक बंबानं विमानावर पाण्याचे फवारे सोडले. विमान दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. सकाळी हैदराबादहून आमच्याकडे यायचं, पंचवीस मिनिटांत माणसं उतरवून-चढवून परत हैदराबादला जायचं. दुपारी तेच विमान तिसऱ्या गावाला, संध्याकाळी चौथ्याला. एकच एसटी चार तालुक्यांना लावावी तसा कारभार.

कंपनीचा माणूस दुकानात कॅलेंडर घेऊन आला होता. टाय लावलेला, घामाघूम. म्हणाला, "मॅडम, विमान जमिनीवर उभं राहिलं की तोटा. आमचं विमान तुम्हाला उभं दिसणारच नाही."

ते मात्र त्यानं खरं सांगितलं. बरेचदा ते आलेलंच नसायचं.

पहिले दोन महिने बरे गेले. नंतर विमान आजारी पडायला लागलं. सकाळी हैदराबादला बिघडलं की दिवसभर चारही गावं खोळंबायची. निरोप नेहमी एकच, 'ऑपरेशनल कारणास्तव'. भर मे महिन्यात एकदा धुकं कळवलं. एकदा वैमानिकाच्या कामाचे तास संपले म्हणून आमची माणसं तीन तास बसवून घरी पाठवली. पाणी विकत, बिस्किट विकत, आणि पिशवी एक किलो जास्त भरली तर काउंटरवर सगळ्यांसमोर उघडून बसायचं. राणीसावरगावच्या एका म्हाताऱ्या बाईंना नातवंडांसाठी नेलेले लाडू तिथंच ओळखपाळख नसलेल्या लोकांना वाटून टाकावे लागले. त्या दुकानात येऊन मला म्हणाल्या, "बाई, तुज्या विमानात माणसाला जागा हाय, लाडवाला न्हाई!" तिकीट मीच दिलेलं.

माझे वडील रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. पूर्णेत निम्मं गाव रेल्वेचं, आणि रेल्वेच्या घरात एक सवय असते. गाडीच्या वेळेवर कोणी स्टेशनवर जात नाही. आधी विचारायचं, गाडी कुठं आहे? मागच्या स्टेशनवरून सुटली का? सुटली म्हटलं की चहाचा कप खाली ठेवायचा आणि चपला घालायच्या. मी जन्मापासून हेच पाहिलं. विमानालाही मी तेच लावलं.

विमानतळावर सामान चढवायला गंगाखेडकडचा एक माणूस होता. त्याच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाची रेल्वे तिकिटं मी काढून दिली होती, तेव्हापासून मला ताई म्हणायचा. सकाळी मी फोन करायचे, "हैदराबादहून निघालं का?" तो म्हणायचा, "न्हाई ताई, तिकडंच हाय अजून. निवांत जेवायला सांगा लोकांला." निघालं की तो कळवायचा, मी गिऱ्हाइकांना कळवायचे, आणि विमान उतरेपर्यंत ते तिथं पोचायचे. विमानाला उशीर म्हणजे काउंटरलाही उशीर. कित्येक महिने ही पद्धत एकदाही चुकली नाही. लोक माझ्याकडूनच तिकीट घ्यायचे ते या एका गोष्टीसाठी. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकते.

आमच्या धंद्यातली आणखी एक रीत. तिकिटावर प्रवाशाचा मोबाइल नंबर टाकायचा नाही, स्वतःचा टाकायचा. नाहीतर कंपनी गिऱ्हाइकाला परस्पर धरते. त्यामुळे कंपनीचे सगळे निरोप माझ्या फोनवर यायचे. दिवसाला पंधरा-वीस. उशीर, उशीर, रद्द, उशीर, सणाची सवलत, उशीर. वाचून काही उपयोग नव्हता, मी बोटानं बाजूला सारायचे.

त्याच सुमारास माझ्या लेकीला हैदराबादच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्सची कायमची नोकरी लागली. म्हणजे लागत आली होती. मूळ कागदपत्रं घेऊन तीन दिवसांच्या आत स्वतः हजर राहायचं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही गेलं तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. परभणीच्या खाजगी दवाखान्यात चार वर्षं ड्यूट्या करून, रिकाम्या वेळात अभ्यास करून तिनं ती परीक्षा काढली होती. पहिल्या दिवशी तिला सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या दिवसाचं मी विमानाचं तिकीट काढलं.

ते विमान रद्द झालं. ऑपरेशनल कारण. तिकीट आपोआप तिसऱ्या दिवसावर गेलं.

लेक म्हणाली, "आई, मी आज रात्रीच्या गाडीनं जाते."

वडील खुर्चीतून म्हणाले, "जाऊ दे तिला. पहाटं पोचंल. त्या पंख्याच्या खटाऱ्याचा काय भरवसा?"

"बाबा, कंपनीच्या माणसाशी बोलले मी. उद्या नक्की आहे."

"आजचं बी नक्कीच होतं, माय."

मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही, ते सरळ सांगते. स्टेशन रोडवर सगळ्यांना विमानानं पाठवणारी मी, आणि माझीच मुलगी रात्री प्लॅटफॉर्मवर बॅग घेऊन उभी दिसली असती तर समोरचा बसवाला महिनाभर हसला असता. कारण एवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी सुटायची वेळ दहा पंचावन्न. पावणेनऊला मी फोन केला. "निघालं का?"

"न्हाई ताई. हैदराबादहून कायच निघालं न्हाई अजून."

मी लेकीला बसवून दोन पोळ्या खायला लावल्या. ती फाइल मांडीवर घेऊन जेवत होती. दोनदा म्हणाली, "आपण जाऊन तिथंच बसू ना." मी म्हणाले, "तिथं पंख्याखाली बसून काय करणार? निघालं की कळेल."

साडेनऊला त्याचाच फोन आला. तो ओरडत होता. "ताई, दुसरं इमान मुंबईकडनं आलं की वो! हितं उतरलं बी! तिकडचं बिघडलंय म्हनून हे धाडलंय. तुमी हाव कुठं?"

त्याचं उत्तर चुकीचं नव्हतं. हैदराबादहून खरंच काही निघालं नव्हतं. गाडी एकाच रुळावरून येते, मागच्या स्टेशनवरूनच येते. विमानाला रूळ नसतात, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा दहा वीस झाले होते. काचेतून विमान दिसत होतं, शिडी अजून लागलेली. काउंटरवर गणवेशातली एक मुलगी कागद गोळा करत होती.

"काउंटर बंद झालं, मॅडम."

"अहो, सुटायला अजून पस्तीस मिनिटं आहेत."

"आज वेळ अलीकडे घेतलीय. दहा पंचवीस. तुम्हाला रात्रीच मेसेज गेलाय."

"कसला मेसेज? वर्षभरात तुमचं विमान कधी वेळेवर तरी गेलंय का? आणि आज लवकर? शिडी दिसतेय मला इथून. सोडा तिला."

"मॅडम, नियम आहे."

"नियम? काल रद्द केलंत तेव्हा कुठं गेला होता नियम?"

लेकीनं माझ्या दंडाला धरून मला मागे केलं आणि त्या मुलीला शांतपणे विचारलं, "मेसेज कुठल्या नंबरवर गेलाय?"

मुलीनं पडद्यावरून आकडे वाचले. शेवटचे चार ऐकायच्या आधीच लेक माझ्याकडे वळली होती. मी पर्समधून फोन काढला. मेसेज होता. दिवाळीच्या सवलतीच्या आणि कुठल्यातरी दुसऱ्या उशिराच्या मधोमध.

शिडी काढली. विमान आमच्यादेखत गेलं. गंगाखेडचा माणूस जाळीच्या पलीकडून हात जोडून उभा होता. कंपनीच्या नोंदीत माझी मुलगी गैरहजर.

बाहेरून एक गाडी ठरवली आणि तशाच निघालो. ड्रायव्हरनं जेवायला थांबू का विचारलं, लेक म्हणाली, "नको." रस्त्याचं काम चालू होतं, एका पुलावर ट्रक आडवा होता, आणि शहरात शिरल्यावर सिग्नल. चारला तिनं तिथल्या कार्यालयाला फोन लावला. कोणी उचलला नाही. साडेचारला पुन्हा लावला. मी खिडकीतून पुढच्या गाड्यांना शिव्या देत होते. ती घड्याळाकडेही बघत नव्हती, फाइलवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

पाच चाळीसला आम्ही त्या खोलीत पोचलो. कारकून कुलूप शोधत होता. दखनीत म्हणाला, "पाच बजे तक देखे अम्मा. अब्सेंट लिख दिये." मी कंपनीचं नाव घेऊन भांडले, रद्द झाल्याचा मेसेज दाखवला, साहेबांना भेटायचं म्हणाले. साहेब गेले होते. पुढच्या उमेदवाराला फोनही झाला होता.

परत येताना आम्ही रात्रीच्या गाडीनं आलो.

मी कंपनीला चार पत्रं पाठवली. उत्तर एकाचंच आलं. वेळापत्रकातला बदल नोंदवलेल्या क्रमांकावर कळवला होता, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढं सहाएक महिन्यांनी कंपनीच बंद पडली. काउंटरला कुलूप लागलं, गंगाखेडचा माणूस साखर कारखान्यावर गेला. लोक हळहळले. मी कंपनीचा बोर्ड उतरवून मागच्या दाराला पावसाची झड अडवायला ठोकला. त्या कामाला तो चांगला आहे.

लेक आता हैदराबादलाच एका खाजगी दवाखान्यात आहे. कायमची नाही, दर वर्षी करार होतो. आजोबांशी रोज बोलते, माझ्याशीही नीट बोलते. भांडण म्हणून काही नाही.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आला. नवीन विमानसेवा, नवीन कॅलेंडर. मी विचारलं, "विमानं किती तुमची?"

"सध्या दोन, मॅडम. तिसरं येतंय."

"आलं की या," म्हणाले, आणि कॅलेंडर परत दिलं.

सणाला लेक घरी येते. रेल्वेनं. मी एकदा म्हणाले, "तिकीट मी काढून ठेवते, गर्दी असते." ती म्हणाली, "काढलंय आई." स्वतःच्या फोनवरून, स्वतःचा नंबर टाकून. स्टेशन रोडवर माझं दुकान आहे, आणि माझ्या मुलीचं तिकीट माझ्या दुकानातून निघत नाही.